कढत, ऊन, कोमट, गार : तीन पिढ्यांच्या घरात गरम खाण्यापिण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमच्या घरी सकाळचा चहा एकाच पातेल्यात होतो आणि तीन तऱ्हांनी प्यायला जातो. सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, पातेलं उतरल्या उतरल्या कप मागतात. मी ओटा आवरून बसेपर्यंत माझा चहा कोमट झालेला असतो. मुलगी फ्रिजमधून थंड कॉफीची बाटली काढते. माझं माहेर खटाव तालुक्यातलं, सासर तासगावकडचं, त्यामुळे दोन्हीकडच्या पाहुण्यांत हा विषय निघतोच. मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते खाली एकत्र केले आहेत.

एकाला चहा कढत लागतो, एकाला कोमट. हा खरंच वयाचा फरक आहे का?

थोडा वयाचा, बराचसा सवयीचा. वय वाढतं तशी गरम-गार ओळखण्याची धार कमी होते. पायांत ती जास्त बोथट होते, तोंडात त्यामानाने कमी, पण होतेच. त्याहून मोठा फरक नाकाचा. साठी-सत्तरीनंतर वास कमी येऊ लागतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं पुष्कळसं वासातूनच येतं. चहा जितका गरम तितकी वाफ जास्त, आणि वाफेबरोबर आल्याचा, गवती चहाचा वास नाकात शिरतो. तोच चहा निवला की म्हाताऱ्या माणसाला नुसतं गोड पाणी लागतं. "याला चवच नाही, परत गरम कर" असं मामा म्हणतात तेव्हा त्यांची तक्रार खरी असते, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी तो हट्ट समजत होते.

दातांचंही आहे. तरुण आणि मध्यम वयात हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं की गरम किंवा गार लागताच कळ जाते. पुढे दाताच्या आत थर साचत जातो, मधली नसेची पोकळी अरुंद होते आणि ही कळ कमी होते. आजोबा सहज पितात त्या चहाने नातवाच्या दातातून कळ जाऊ शकते. तो नखरे करत नसतो.

वडिलांना कवळी बसवल्यापासून गरम-गार नीट कळत नाही. असं होतं का?

होतं. वरच्या कवळीने टाळू झाकली जाते आणि घोट किती गरम आहे याची सूचना मिळणारी मोठी जागा बंद होते. घोट घशाशी पोचल्यावरच भाजल्याचं कळतं. पहिले काही आठवडे चहा, आमटी, कढण आधी ओठाला लावून बघायला सांगा, आणि वाढणाऱ्यानेही थोडं निववून वाढा.

उकळता चहा मागायचा आणि मग बशीत ओतून फुंकर घालायची! मग उकळता हवाच कशाला?

हा माझ्या मुलीचा प्रश्न. तिच्यासाठी मी एका रविवारी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन बसले. गाळलेला चहा कपात ८० अंशांच्या आसपास होता. पाच मिनिटांनीही कपातला चहा ६५ च्या वरच होता. बशीत ओतलेला मात्र दीड-दोन मिनिटांत ६० च्या खाली आला. गार चिनी माती आधी उष्णता ओढून घेते, चहा पसरतो, वाफ मोकळी होते, आणि वर भुरका मारताना घोटाबरोबर हवाही आत जाते.

म्हणजे उकळता चहा मागणारे मामा प्रत्यक्षात बेताचा गरम चहा पितात. झाकणाच्या कागदी कपातून किंवा दुहेरी पत्र्याच्या मगमधून थेट घोट घेणारा त्यांचा नातू त्यांच्यापेक्षा कढत पितो, कारण त्या भांड्यात चहा निवतच नाही. आमच्या घरात गरम पिणारी पिढी कोणती, या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी उलटं निघालं.

तरी मग उकळता का मागायचा? मला वाटतं, गार करणं त्यांच्या हातात असतं. गरम करायला मात्र कुणाला तरी सांगावं लागतं. ज्याला उठून गॅसपाशी जाता येत नाही, त्याला कप हातात येताना कढतच हवा असतो.

"आमच्या वेळी आम्ही सगळं गरमागरम खायचो" हे कितपत खरं?

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा पुरुषांच्या तोंडून.

शेतकरी घरातला जुना दिवस आठवून बघा. सकाळी न्याहारीला रात्रीची शिळी भाकरी, दुधात किंवा ताकात कुस्करून. दुपारी रानात फडक्यात बांधून नेलेली शाळूची भाकरी, झुणका, ठेचा, कांदा. सोडेपर्यंत सगळं गार. हिवाळ्यात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला गेलेला माणूस तीन-चार तास ओल्या सरीत दारं धरून उभा राही. अशा दिवसात गरम जेवण एकदाच, रात्री चुलीपुढे. जळण मोजकं असायचं. तुराट्या, शेणी, काटक्या बायकांनीच गोळा केलेल्या. चूल विझली की एका वाटीभर आमटीसाठी ती पुन्हा कोण पेटवणार? तेव्हा ताटात वाफ दिसली की माणूस आधी ते खायचा, बोलायचा नंतर. गरम जेवण रोजचं नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

आणि ते सगळ्यांना मिळालं नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, एकदा मला म्हणाल्या, "जन्मभर भाकरी थापली, पण फुगलेली भाकरी तव्यावरून माझ्या ताटात कवा पडली न्हाई." घरातले पुरुष, मग मुलं, मग पाहुणे, मग उरलं ते घेऊन चुलीमागे बसलेली बाई. भाकरी तिची, आर तिने लावलेला, हात तिचे पोळलेले, आणि तिच्या वाट्याला गार. जुनी पिढी गरम खायची असं कुणी म्हणालं की मी विचारते, त्या पिढीतलं कोण?

आज आत्तींना अगदी गरम सोसत नाही. त्या भाकरी गार होऊ देतात, चहासुद्धा. आमच्या नातेवाइकांत तो त्यांचा स्वभाव समजला जातो. पन्नास वर्षं शेवटी जेवल्याची ती सवय आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुलांना सगळं थंडच का लागतं?

पूर्वी घरात गार म्हणजे माठाचं किंवा डेऱ्याचं पाणी. मातीतून पाझरलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून ते गार होतं. पण ते दात शिवशिवतील इतकं कधीच नसतं. आताच्या मुलांनी ४-५ अंशांची बाटली जन्मापासून पाहिली. जिभेला ज्याची सवय लागली तेच तिला नेहमीचं वाटतं.

थंड पेयाला बसावंही लागत नाही. चहा पिताना माणूस पाच मिनिटं एका जागी थांबतो. बाटली चालता चालता, क्लासच्या जिन्यात, बसमध्ये रिकामी होते. माझ्या मुलीला चहा आवडत नाही असं मला वाटायचं, पण ती सुट्टीत आत्तींजवळ बसली की पिते. तिला आवडत नाही ते वाट बघणं.

एक गोष्ट आईबापांनी जरूर लक्षात घ्यावी. गोडी ओळखणारी जिभेवरची यंत्रणा उष्णतेवर चालते. पदार्थ थंड असला की गोड कमी लागतं. वितळलेलं आइस्क्रीम चाटून बघा, किती जास्त गोड लागतं. त्यामुळे थंड कॉफीत, सरबतात साखर जास्त पडते आणि जीभ तक्रार करत नाही. मुलांच्या थंड पेयात मला काळजी वाटते ती या साखरेची, थंडपणाची नाही.

किती गरम म्हणजे जास्त गरम?

६५ अंश सेल्सिअस हा आकडा ध्यानात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं पिणं हे "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. दोष चहाचा किंवा कॉफीचा नाही, उष्णतेचा आहे. अन्ननलिकेचं आतलं अस्तर पुन्हा पुन्हा भाजत राहिलं तर पुढे तिथे कर्करोगाचा धोका वाढतो.

इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५० हजारांवर लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, रोज ७०० मिलिलिटरहून अधिक चहा ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका, कमी आणि निवलेला चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्के जास्त दिसला. ७०० मिलिलिटर म्हणजे आपल्याकडचे पाच-सहा कप. पाहुण्यांचा राबता असलेल्या घरात कर्त्या माणसाचे तेवढे सहज होतात.

आपल्या भागासाठी याला आणखी एक जोड आहे. चीनमधल्या साडेचार लाखांवर लोकांच्या २०१८ सालच्या अभ्यासात कढत चहाचा धोका दारू किंवा सिगारेटची सवय असलेल्यांमध्ये ठळक दिसला. तंबाखू चघळण्यानेही अन्ननलिकेचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. सकाळी मिश्री, मग कढत चहा, मग तंबाखूची चिमूट असा ज्यांचा क्रम आहे, त्यांनी आधी तंबाखू सोडावी. चहा निववणं त्यामानाने सोपं आहे, तेही करावं. गिळताना घास अडकत असेल आणि आठवडाभरात ते कमी झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

थर्मामीटर नाही. मग कसं ओळखायचं?

गाळल्यावर सहा-सात मिनिटं थांबा, किंवा बशी वापरा. स्टीलचा पेला फडक्याशिवाय हातात आरामात धरता आला की चहा पिण्याजोगा झाला. पहिला घोट लहान घ्या. मोठा घोट एकदम गिळला की अन्ननलिकेचं तापमान जास्त वाढतं. चव जाईल याची भीती नको. २००८ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी भाजण्याचा धोका आणि लोकांची आवड दोन्ही जमेला धरून गणित मांडलं, तेव्हा गरम पेयासाठी योग्य तापमान ५७.८ अंश निघालं. तेवढ्या गरम चहातून वाफ चांगली निघते.

मिसळीचा कट गरम असला की दुप्पट तिखट लागतो. मनाचे खेळ का?

नाही. मिरचीतल्या कॅप्सायसिनची आणि उष्णतेची सूचना मेंदूला देणारं दार एकच आहे, टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन. ते साधारण ४३ अंशांपुढे उघडतं, आणि कॅप्सायसिननेही उघडतं. याच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, अर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत. तिखटाने हे दार आधीच किलकिलं झालं की एरवी सोसणारी उष्णताही भाजते. म्हणून कट आणि चहा पाठोपाठ नकोत. मध्ये दही किंवा ताक घ्या. पाण्याने तिखट धुतलं जात नाही, दुधातल्या प्रथिनाने जातं.

एप्रिलच्या उन्हात मामा गरम चहा पितात आणि म्हणतात, याने थंडावा येतो. खरं आहे?

कोरड्या हवेत खरं आहे. कॅनडात ओटावा विद्यापीठात २०१२ मध्ये सायकल चालवणाऱ्यांना १.५ अंशांपासून ५० अंशांपर्यंतचं पाणी देऊन बघितलं. ५० अंशांचं पाणी प्यायल्यावर घाम जास्त आला, आणि तो पूर्ण वाळू शकला तेव्हा शरीरात साठलेली उष्णता कमी भरली. सांगलीचा एप्रिल कोरडा असतो, पिंपळाखाली वारा असतो, तिथे हे लागू पडतं. जून-जुलैच्या दमट हवेत, बंद खोलीत घाम नुसता निथळतो. तेव्हा याचा उपयोग नाही. आणि रानात राबणाऱ्याला चहाबरोबर साधं पाणी भरपूर हवंच.

गार पाण्याने सर्दी होते का?

सर्दी विषाणूंनी होते. झालेली असताना गरम पेयाने बरं वाटतं हे मात्र खरं. कार्डिफमध्ये २००८ मध्ये ३० जणांवर केलेल्या प्रयोगात गरम फळांच्या पेयाने शिंका, खोकला, घसा यांत लगेच आराम वाटला, जरी नाकातून जाणाऱ्या हवेच्या मोजमापात फरक पडला नाही. तेव्हा आजीचा आल्याचा काढा द्या, कोमट द्या, आणि फ्रिजचं पाणी प्यायलेल्या मुलाला आजारी पडल्याबद्दल रागावू नका.

महाबळेश्वरला चहा लवकर निवतो, असं का?

तिथे तो उकळतोच कमी तापमानाला. सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी साधारण ९५-९६ अंशांना उकळतं. सांगलीत ९८ च्या आसपास. त्यात डोंगरावरचा वारा.

लहान मुलाला आमच्याच ताटातलं देतो. किती निववावं?

मनगटाच्या आतल्या बाजूला लावून कोमट लागेल इतकं. मुलांची कातडी पातळ असते. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत खोलवर भाजतं, मुलाला त्याहून लवकर. मांडीवर मूल घेऊन चहा पिऊ नका. हे मी नातेवाइकांना तोंड वाईट होईपर्यंत सांगते. चहा सांडलाच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, पण भाजलेल्या जखमेवर ती घालायची नाही.

रात्रीचा भात सकाळी कडकडीत गरम केला की चालतो ना?

तो रात्रभर ओट्यावर होता की फ्रिजमध्ये, यावर अवलंबून आहे. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. भातातला बॅसिलस सेरियस नावाचा जंतू जे विष तयार करतो, ते पुन्हा उकळूनही जात नाही. भात उरला तर दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. जुनी माणसं शिळी भाकरी निर्धास्त खायची, कारण भाकरी वाळते, तिच्यात ओल कमी. भाताला तो न्याय लावू नका.

पूर्वीचं असं काही आहे का जे तिन्ही पिढ्या एकाच तापमानाला खातात?

आमच्याकडे दोन आहेत. थंडीत हुलग्याचं माडगं, गूळ घालून, वाटी तोंडाला लावून ऊन-ऊन प्यायचं. माहेरी माण-खटावच्या कोरड्या रानात हुलगा पिकतो, म्हणून आई अजून पिठाची पिशवी पाठवते. आणि उन्हाळ्यात आंबील किंवा ताक-कण्या, गार. माडगं कोमट झालं की चिकट होऊन बसतं, त्यामुळे कुणी वादच घालत नाही. मुलगी फोन बाजूला ठेवून पिते.

निवलेला चहा पुन्हा उकळून द्यावा का?

एकदा चालेल. दोनदा उकळला की चहा तुरट होतो आणि दूध करपट लागतं. त्यापेक्षा अर्धा कप आत्ता, अर्धा थर्मासमध्ये.

सगळ्यांचं एकाच वेळी कसं जमवायचं? आणि करणारीचा चहा नेहमी निवलेलाच का?

आमच्याकडे वर्षभरापासून एवढं ठरलंय. चहा गाळला की पहिला कप गाळणाऱ्याचा भरायचा, आणि त्याने तो बसून प्यायचा. मामांना कप आणि बशी दोन्ही. नातवाने झाकण काढून प्यायचं. भाकरीच्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी आत्तींच्या ताटात; सुरुवातीला त्या ती बाजूला सरकवून ठेवायच्या, आता तोडतात, थोडी फुंकर घालून. करायला मी असले तर वाढायला मुलगा, तो असेल तर मी. राहिलेला चहा थर्मासमध्ये. त्याआधी थर्मास उकळत्या पाण्याने दोनदा विसळून घ्यायचा, नाहीतर तासाभरात मामांची हाक येते.